पुस्तक हाती देणारा माणूस

पुस्तकांचे दुकान बंद झाल्याची वार्ता आता कुणाला दचकवीत नाही. २०११ साली मुंबईच्या काळबादेवीतील ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ मिटले. २०१२ साली पुण्याच्या कॅम्पातील ‘मॅनीज’ गेले. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर फोर्टमधील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’नेही दारे कायमची लावून घेतली. स्ट्रँडच्या वेळी मात्र थोडी हळहळ झाली. शेवटच्या सवलतीच्या विक्रीला वाचकांची झुंबड उडाली. तीच झुंबड त्याआधीची दहा वर्षे उडाली असती तर... असो.

स्ट्रँडचे संस्थापक टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात पुस्तकांचा एक छोटासा गाळा मांडला आणि त्यातून हे दुकान उभे राहिले. तेथे पुस्तक घ्या न घ्या, उभ्याने चाळायला मुभा होती. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली, २००९ साली ते निवर्तले. आम्ही चर्चगेटला उतरून तेथे जात असू. खिशात पैसे बेताचेच असत. चार पुस्तके चाळून एक विकत घ्यावे आणि उरलेल्या तिघांची नावे मनात घोळवीत परतीची गाडी पकडावी, असा तो शिरस्ता होता. वसईपर्यंतच्या प्रवासात नव्या पुस्तकाची वीस पाने सहज होत. बसायला जागा मिळाली तर!

परंतु दुकानांविषयी लिहू लागलो की आमचे मन मुंबईपेक्षा पुण्याकडे अधिक ओढ घेते. सेमिनरीतील दिवसांत सुटीच्या दुपारी आम्ही दोघे-तिघे सायकली काढून अप्पा बळवंत चौकात जात असू. नवी पुस्तके पाहायला दुकाने, घ्यायला पदपथावरील जुनी पुस्तके. तेथे एक विक्रेते होते. त्यांचे शिक्षण फारसे झालेले नसावे, पण कोणते गिऱ्हाईक कोणत्या पुस्तकाशी थबकते हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एके दुपारी त्यांनी गोणपाटाखालून एक जाडजूड ग्रंथ काढला आणि म्हणाले, “ब्रदर, हे तुमच्यासाठी दोन आठवडे बाजूला ठेवलंय. तुमच्या फादरांनीच लिहिलंय म्हणे.”

तो ग्रंथ होता फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली, पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५६ साली काढलेली देवनागरी आवृत्ती. आम्ही तो मागितला नव्हता. खरे सांगायचे तर तो मिळू शकतो हेच आम्हांस ठाऊक नव्हते. सेमिनरीत लॅटिन आणि तत्त्वज्ञान यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या आमच्यासारख्या मराठी मुलाला आपल्या भाषेत आपल्या श्रद्धेचे इतके जुने काव्य आहे, हे एका पदपथावरच्या गृहस्थांनी दाखवून दिले. दुकान गेले म्हणजे नेमके काय गेले असे कुणी विचारले, तर आम्हांस ते गोणपाट आठवते. पुस्तके आजही मिळतात, पूर्वीपेक्षा अधिक मिळतात. न मागितलेले पुस्तक, ओळखीच्या माणसाने, आपल्याकडे पाहून काढून द्यावे, हा व्यवहार मात्र दुर्मीळ झाला.

या ग्रंथाची कहाणी वाचकांनी पुरती ऐकावी अशी आहे. १५५६ साली एक छापखाना जहाजातून गोव्याच्या बंदरात उतरला. तो खरा निघाला होता ॲबिसिनियाला. पुढचा प्रवास घडला नाही आणि गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात तो चालू झाला. युरोपीय पद्धतीचा भारतातील हा पहिला छापखाना. १५७९ साली स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात आले आणि येथील भाषेच्या प्रेमातच पडले. १६०८ सालच्या पत्रात त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांकडे अनुज्ञा मागितली, ती येथल्या भाषेत आणि येथल्या लिपीत पुस्तक छापण्याची. देवनागरीचे खिळे काही पडले नाहीत. १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी ओव्या, परक्या लिपीच्या अंगरख्यात! पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. हवा दमट, वाळवी अखंड, आणि १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध काढलेला हुकूम. कशाने किती नाश केला कोण जाणे! ग्रंथ तगला तो हातांनी केलेल्या नकलांतून. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांनी त्याच्या प्रती उतरवून घेतल्या, देवळांतून आणि घरांतून तो वाचला, गायला. त्या हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला. लंडनला एक देवनागरी हस्तलिखितही सापडले. १९९६ साली कारिदाद द्रागो यांनी संपादिलेली आवृत्ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. त्या वेळी आम्ही तरुण होतो, आणि नवी प्रत हाती घेऊन जुनीशी ओवी न् ओवी ताडून पाहण्यात आमच्या कित्येक रात्री गेल्या.

छापखाना ज्याला वाचवू शकला नाही त्याला वाचणाऱ्यांनी वाचवले. म्हणून कागद संपतोय, छपाई संपतेय अशी हाकाटी झाली की आम्ही फारसे घाबरत नाही. आमच्या उमेदीच्या काळात लेख छापून येई तो जुळाऱ्याने एकेक खिळा जुळवून. प्रुफे येत ती ओल्या शाईच्या वासासह. मग ऑफसेट आले, संगणकावरची जुळणी आली, आणि तो जुळारी कुठे गेला हे आम्ही कुणीही विचारले नाही. माध्यम बदलले तरी नियतकालिके चालत राहिली. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने सुरू केलेला ‘निरोप्या’ या साऱ्या स्थित्यंतरांतून आला आहे.

मोबाईलवर वाचणाऱ्यांविरुद्धही आमची तक्रार नाही. धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंना मोतीबिंदूमुळे प्रार्थनापुस्तकातील अक्षर दिसेना. नातवाने तेच अक्षर पडद्यावर बोटभर मोठे करून दिले. आखाती देशात नोकरी करणारी आमची मुले मायदेशीचा अंक निघाल्या दिवशी वाचतात, पूर्वी त्यांना महिनाभर वाट पाहावी लागे. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खंत आहे ती निराळी. यंत्र आपल्यापुढे ठेवते ते आपण पूर्वी ज्यावर बोट ठेवले त्याच्यासारखेच. एक स्वयंपाकाचे पुस्तक घेतले की दहा स्वयंपाकाची. गोणपाटाखालचा ग्रंथ त्याला काढता येत नाही. आणि दुसरे असे की दुकानदार उपाशी राहिला तो पडद्यामुळेच, असेही नव्हे. शहरातील गाळ्याचे भाडे पुस्तकावरच्या नफ्यातून निघत नाही. घरपोच विकणाऱ्या बड्या कंपन्या जी सूट देतात ती दिली तर दुकानदाराच्या पदरी काही उरत नाही. आम्ही वाचकही काही कमी नाही. दुकानात उभे राहून पुस्तक पसंत करायचे, आणि त्याची मागणी मात्र खिशातल्या यंत्रावर नोंदवायची!

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्या लोकांना केवढा अभिमान वाटला! जुलै २०२४ मध्ये ते प्रभूघरी गेले तेव्हा डोळे पुसणारेही पुष्कळ होते. घरभेटीला गेलो की त्यांचे ‘सुबोध बायबल’ कुठल्या कपाटात दिसते का, हे आमची नजर आपसूक शोधते. पुरस्कारप्राप्त ग्रंथ आहे, साहित्य अकादमीने गौरवलेला. दिसते. पण मोजक्याच घरांत, आणि मुलांच्या हाताला लागेल अशा जागी त्याहून मोजक्या.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक जुने घर पाडून तेथे इमारत उठली. घरधनी मराठी शाळेत मास्तर होते, निवृत्तीनंतर काही वर्षांतच वारले. मुले परदेशी. त्यांच्या पत्नी रिक्षातून तीन पोती घेऊन मिशनघरी आल्या. म्हणाल्या, “फादर, रद्दीवाला किलोचा भाव सांगतो. मला नाही ऐकवत. यांनी एकेक पुस्तक पगारातून आणलंय.” पोती ठेवून त्या पाणीही न घेता गेल्या.

ती पोती उपसायला आम्हांस आठवडा लागला. बहुतेक पुस्तकांच्या वेष्टनाच्या आतल्या कोपऱ्यात दुकानाचे इवलेसे लेबल होते. दादर, गिरगाव, पुणे, एक नाशिकचे. त्यांतली काही दुकाने आज आहेत, कित्येक नाहीत. एका पुस्तकात पावती होती, तिच्या पाठीवर त्याच दिवशीच्या बाजाराचा हिशेब: सुके बोंबील, रॉकेल, मुलीची वही, आणि मग पुस्तकाची रक्कम, तीही बाजाराच्या यादीतच. आम्ही ती पावती जिथल्या तिथे ठेवली आहे.

मिशनघराच्या मागील खोलीत दोन कपाटे मांडून ती पुस्तके लावली. प्रथम आले ते स्पर्धापरीक्षांचे अभ्यासू तरुण, आणि तेही पंख्याखाली शांत बसायला मिळते म्हणून. त्यांचे आम्हांस वाईट वाटले नाही. पुस्तकांच्या सहवासात घाम पुसणे ही सुद्धा एक सुरुवात असू शकते. दुसऱ्या मिस्सेनंतर एक निवृत्त गृहस्थ दाराशी टेबल टाकून नवी पुस्तकेही विकू लागले आहेत. प्रकाशकांकडून पाचपाच प्रती मागवतात. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची सवलत एकाएकी थांबवली तेव्हा त्यांचा धीर सुटला होता, कारण पुस्तकाच्या किमतीशी टपालखर्च स्पर्धा करू लागला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञानपोस्ट’ आले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर. तेव्हापासून पुन्हा पुडकी येऊ लागली. छोट्या प्रकाशकांनी आणि आपल्या लेखकांनी या सोयीची अवश्य चौकशी करावी.

आता त्या खोलीत इंग्रजी माध्यमात नववीत शिकणारी एक मुलगी येते. मराठी वाचताना तिचे बोट ओळीखालून सरकते. मास्तरांच्या पुस्तकांतून तिने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नेली होती. इतक्या लवकर ती परत येईल असे आम्हांस वाटले नव्हते. पण सात आठवड्यांनी आली, पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “फादर, आता काय वाचू?”

आम्ही कपाटापुढे बराच वेळ उभे राहिलो. तिच्याविषयी आम्हांस काय ठाऊक होते? गायनवृंदात गाते, वडील रिक्षा चालवतात, एवढेच. शेवटी एक प्रवासवर्णन काढून दिले. तिने मलपृष्ठ वाचले, मान हलवली, ते जपून जागेवर ठेवले आणि शेजारची जाडजूड रहस्यकथा उचलून वहीत नाव लिहायला बसली.