आउटबॉक्समधली अकरा पत्रे

प्रत्येक शाळेत एक शिक्षक असा असतो की, संगणक रुसला म्हणजे सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळतात. आमच्या उर्दू शाळेत ती आमच्याकडे वळतात. कारण एवढेच की बारावीनंतरच्या सुट्टीत आम्ही एमएस-सीआयटी केले होते. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, पाठाचे टाचण काढायला शिकलो. गेलेला ई-मेल गेलाच नाही तर काय करायचे, हे काही कुठल्या पेपरात नव्हते.

आमची शाळा कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी. गावातली निम्मी घरे आखाती देशांच्या पगारावर उभी आहेत, म्हणून ‘बाहेरचे पत्र’ ही आमच्याकडे जुनी गोष्ट. पूर्वी पोस्टमन दारात आला की बायका चूल सोडून उठत. मग टेलिफोन बूथ आले, मग मोबाइल, मग व्हॉट्सॲप. या सगळ्यात ई-मेल नावाचा मुक्काम आमच्या लोकांनी जवळजवळ घेतलाच नाही. अंतर्देशीय पत्रावरून आम्ही थेट व्हॉट्सॲपवर उडी मारली. त्यामुळे ई-मेल ही आमच्याकडे जिव्हाळ्याची नव्हे, कचेरीची वस्तू राहिली. कचेरी जेव्हा विचारते, तेव्हाच तिची आठवण होते.

यंदा कचेरीने विचारले. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून तिने परदेशातल्या रुग्णालयात नोकरीसाठी अर्ज केला होता. कागदपत्रे तपासणाऱ्या संस्थेने अडवले ते नावावर. आमच्याकडे एकच नाव उर्दू रजिस्टरात एका हिज्ज्याने असते, दाखल्यावर देवनागरीत दुसऱ्या आणि पासपोर्टवर रोमनमध्ये तिसऱ्या. खदीजा आणि खतीजा या एकाच व्यक्ती आहेत हे आम्हाला सांगावे लागत नाही. परदेशातल्या कारकुनाला सांगावे लागते. त्या संस्थेचे म्हणणे असे, की शाळेने खुलासा करावा, सोबत जनरल रजिस्टरच्या पानाची प्रत जोडावी आणि हे सर्व शाळेच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरून यावे. मुदत शुक्रवारपर्यंत. मुलीचे वालिद सोमवारी शाळेत आले. रिक्षा चालवतात. हातात टोपी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सर, तेवढं पत्र आजच्या आज गेलं तर बरं होईल.”

मुख्याध्यापक साहेबांनी खुलासा तासाभरात तयार केला. आमच्या क्लार्कसाहेबांनी तो ‘सेंड’ केला. बुधवारी मुलीचा फोन आला, “सर, पत्र मिळालं नाही म्हणतात.” आम्ही मेलचा प्रोग्राम उघडून आउटबॉक्समध्ये पाहिले. तिचे पत्र तिथेच बसलेले. आणि ते एकटे नव्हते. त्याच्या खाली आणखी दहा पत्रे होती. दोन महिन्यांपूर्वी शाळेने नवे फायबर कनेक्शन घेतले, त्या दिवसापासून एकही पत्र इमारतीबाहेर गेले नव्हते! कोणाच्या लक्षात कसे आले नाही? कारण येणारी पत्रे रोज येत होती. शिक्षण खात्याची परिपत्रके, माहिती ताबडतोब पाठवा, तक्ता सोबत जोडला आहे, सगळे वेळेवर. पत्रे येताहेत म्हणजे मेल चालू आहे, असेच कोणीही समजेल.

इथेच या दुखण्याची पहिली मेख आहे. येणारा रस्ता आणि जाणारा रस्ता एक नसतो. पूर्वीच्या टपालाचेच पाहा ना. येणारे पत्र पोस्टमन घरी आणून देई. जाणारे पत्र मात्र आपल्याला चालत जाऊन पेटीत टाकावे लागे. पेटीला कुलूप घातले तरी पोस्टमन येतच राहणार. संगणकातही येणाऱ्या पत्रांचे दार वेगळ्या क्रमांकाचे आणि जाणाऱ्या पत्रांचे वेगळ्या क्रमांकाचे असते. या दारांना पोर्ट म्हणतात.

आम्ही आधी इंटरनेट कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. समोरच्या मुलाने विचारले, “सर, यूट्यूब चालतंय का?”

“चालतंय.”

“मग नेट ओके आहे सर. तक्रार बंद करू?”

आम्ही त्याला दोष देत नाही. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर जेवढे प्रश्न असतील तेवढेच तो विचारणार. बाजारातल्या संगणकवाल्याने तर एका वाक्यात निकाल दिला, “फॉरमॅट मारावं लागेल.” हे वाक्य ऐकले की आमच्या अंगावर काटा येतो. शाळेची पाच-सहा वर्षांची पत्रे त्याच यंत्रात उतरवलेली, त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. ताप आला म्हणून रुग्णाला नवा देह द्यावा, असा हा इलाज.

शेवटी आम्ही आमच्या धंद्याच्या पद्धतीने गेलो. वर्गात मूल उत्तर देत नाही, तेव्हा शिक्षक आधी हजेरी पाहतो. मूल गैरहजर आहे, की हजर असून चुकीचे उत्तर देत आहे? दोन्हींचा इलाज वेगळा. मेलचेही तसेच आहे. पलीकडच्या सर्व्हरने एखादा आकडा सांगितला, तर समजावे की रस्ता मोकळा आहे, आपण दारापर्यंत पोहोचलो, पण आत घेतले नाही. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, पासवर्ड तपासा. ५५२ म्हणजे पत्र फार जड आहे. ५५० म्हणजे पत्र नाकारले. पण आकडाच नाही, नुसते वाट पाहून पाहून ‘वेळ संपली’, तर रस्त्यातच कोणीतरी अडवले आहे. आमच्या पडद्यावर आकडा नव्हता. नुसती खामोशी होती.

दुसरी परीक्षा सोपी होती. शाळेच्या लाइनीची वायर काढून संगणक आमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि स्वतःलाच दोन ओळींचे एक पत्र पाठवून पाहिले. ते सटकन गेले. म्हणजे यंत्र निर्दोष, पासवर्ड निर्दोष, मेलचा प्रोग्रामही निर्दोष. नव्या लाइनीवरच कुठेतरी जाणारे दार बंद होते. सेटिंगमध्ये पाहिले तर जाणाऱ्या पत्रांसाठी पोर्ट २५ लिहिलेले. उलगडा झाला.

या २५ क्रमांकाची कहाणी आम्हाला फार बोधप्रद वाटते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठवले. ‘@’ ही खूण पत्त्यात त्यांनीच आणली. पत्रे कशी द्यावीत-घ्यावीत याचे जे नियम पुढे जगभर चालले, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. त्या नियमांत पत्र आणणाऱ्याला ‘तू कोण?’ हे विचारायची सक्तीच नव्हती. जो येईल तो आपले नाव सांगेल आणि त्यावर विश्वास ठेवायचा. संगणक मोजके होते, माणसे एकमेकांना ओळखत होती. आमच्या गावात जुन्या काळी दुकानदार वहीत उधारी लिहीत नसे, तसेच ते. मग वस्ती वाढली, भामटे आले. लोकांच्या घरच्या संगणकांत विषाणू शिरून मालकाच्या नकळत हजारो जाहिरातींची पत्रे टाकू लागले. तेव्हा अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती आणि लहान कचेऱ्यांच्या लाइनींवरून २५ क्रमांकाचे दारच बंद केले. प्रामाणिक माणसासाठी १९९८ मध्ये ५८७ हे वेगळे दार नेमले गेले, आणि तिथे नाव-पासवर्ड दाखवल्याशिवाय आत न घेण्याचा रिवाज पडला. ४६५ हे तिसरे दार. तिथे पहिल्या शब्दापासून सगळे बोलणे कुलूपबंद असते. मध्यंतरी ते कागदोपत्री रद्द झाले होते; २०१८ मध्ये त्याला पुन्हा मान्यता मिळाली.

म्हणजे कंपनीने दार लावले यात तिचा गुन्हा नाही. तक्रार एवढीच, की दार लावल्याचे कोणी सांगितले नाही. दोन महिने शाळा आपल्या परीने बोलत होती आणि बाहेर कोणालाच ऐकू जात नव्हते. उर्दू शाळा माहिती वेळेवर देत नाहीत, हा शेरा आम्ही बैठकींतून अनेकदा ऐकला आहे. त्यातला काही भाग खराही असेल. पण किती वेळा उत्तर दिलेले असूनही ते असे दाराशी अडकले असेल, याचा हिशेब कोण ठेवतो?

वायर पुन्हा लावली, पोर्ट ५८७ केले, सुरक्षित जोडणीच्या रकान्यात टीएलएस निवडले, ‘नाव-पासवर्ड लागतो’ यावर खूण केली. आउटबॉक्समधली पत्रे एकामागून एक सुटू लागली. क्लार्कसाहेब मोजत होते. दहा गेली. अकरावे, नेमके मुलीचे, अडले. या वेळी मात्र आकडा आला, ५५२. आम्हाला त्या आकड्याचा आनंद झाला म्हटले तर लोक हसतील. पण खामोशीपेक्षा नकार बरा, निदान कारण तरी कळते.

पत्र जड होते. रजिस्टरची तीन पाने क्लार्कसाहेबांनी ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केली होती, पुरावा ठळक दिसावा म्हणून. त्यात ई-मेलचा एक कायदा असा, की जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून २५ एमबीची मर्यादा असली तरी २० एमबीची फाइलसुद्धा अडू शकते. तीच पाने १५० डीपीआयवर केली की ठिपके सोळाव्या हिश्शावर येतात आणि रजिस्टरातली उर्दू तरीही नीट वाचता येते. खुलाशाचे उर्दू पत्र इनपेजमध्ये होते. ही आम्हा उर्दूवाल्यांची आणखी एक अडचण. जुन्या इनपेजची फाइल ज्याच्याकडे तो प्रोग्राम नाही त्याला उघडत नाही, आणि त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवला तर नस्तालिकचा चिवडा होतो. त्याचे पीडीएफ केले, इंग्रजी तर्जुमा जोडला, आणि पत्र गेले.

दहा मिनिटांत परत आले. ५५०. या वेळची हरकत वेगळी होती. तुमच्या नावाने हे पत्र टाकणाऱ्या यंत्राला तसा अधिकार आहे, याची नोंद सापडत नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या डोमेनच्या नोंदीत एक ओळ लिहून ठेवायची असते, की आमच्या नावाने फक्त अमुक यंत्रेच पत्र पाठवतील. तिला एसपीएफ म्हणतात. पत्रावर अदृश्य सही करण्याची डीकेआयएम ही आणखी एक रीत आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने या बाबतीत नियम कडक केले, इतरही त्याच वाटेने गेले. आमच्या डोमेनला ही ओळच नव्हती. ओळ लिहायची तर डोमेनच्या खात्यात शिरायला हवे, आणि ते खाते होते संस्थेच्या एका विश्वस्तांच्या मुलाकडे. त्याने कधीकाळी स्वतःच्या कार्डावरून ते डोमेन घेऊन दिले होते, आणि आता तो कुवेतला असतो.

आमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच. तो नुकताच कामावरून सुटला होता. बिचाऱ्याने बसमध्ये उभ्या उभ्या खाते उघडले. आम्ही व्हॉट्सॲपवर ती ओळ पाठवली, त्याने ती चिकटवली. “सर, यात स्पेस आहे का मध्ये?” असे त्याने तीनदा विचारले, आणि ते बरोबरच केले, एका जागेने सगळे बिघडते. ही नोंद सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागतो. गुरुवारी सकाळी पहिल्या तासाच्या आधी आम्ही पत्र पुन्हा सोडले. ते परत आले नाही. दुपारी दोन ओळींचे उत्तर आले, कागदपत्रे मिळाली, खुलासा ग्राह्य धरला आहे. मुलीच्या वालिदांना फोन केला तेव्हा ते रिक्षात प्रवासी घेऊन चालले होते. पुढे काही बोलले नाहीत, फक्त रिक्षा बाजूला घेतल्याचा आवाज आला.

डोमेनच्या खात्यात आता शाळेचाही पत्ता जोडून घेतला आहे, आणि तीन पोर्टांचे क्रमांक व चार आकड्यांचे अर्थ उर्दू आणि मराठीत लिहून कचेरीच्या भिंतीवर लावले आहेत. क्लार्कसाहेब पाठवल्यावर ‘सेंट’चा रकाना उघडून पाहतात.

राहिली ती बाकीची दहा पत्रे. त्यांत एक बाकड्यांची मागणी होती, एक दुरुस्तीचा अर्ज, आणि एक होते वार्षिक स्नेहसंमेलनाचे निमंत्रण. संमेलन होऊन दीड महिना झाला होता. शुक्रवारी पंचायत समितीतून एका अधिकाऱ्यांचा फोन आला. निमंत्रणाबद्दल त्यांनी आभार मानले आणि विचारले, “तारखेत काही घोळ आहे का सर? आम्ही यायला तयार आहोत.”