धीर

म्हाताऱ्या पावसात गडहिंग्लजला रात्री पत्र्यावर पडणाऱ्या पाण्याखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही. तिकडे आंबोलीवर ढग रिकामे झाले की इकडे हिरण्यकेशी गढूळ होऊन फुगते, भडगावच्या पुलावर पाणी येतं आणि गेलेली वीज कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. माझं गूढकथांचं खरं वाचन अशाच रात्रींनी घडवलं. वाचणारी मी आणि ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्या म्हणतात. आत्यांना अक्षरओळख नव्हती, पुढेपुढे नजरही अधू झाली होती. पण गोष्ट कुठे थांबवायची हे त्यांच्याइतकं नेमकं कळणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

"हितं थांब," त्या म्हणायच्या. "आता उद्या."

"आत्या, आत्ता तर तो दार उघडतोय."

"म्हणूनच थांब. उघडल्यावर मग काय ऱ्हातंय?"

मग कंदील बारीक करायला सांगून त्या भिंतीकडे कूस वळवत आणि दोन मिनिटांत झोपत. मी मात्र जागी. माजघरातून माडीवर जाणारा जिना, परड्याचं दार, न्हाणीच्या चुलाण्यातली विझत आलेली राख, रोजच्या सगळ्या वस्तू कुणीतरी एकेक बोट सरकवून ठेवल्यासारख्या वाटत. पुस्तक मिटलेलं असे. तरी गोष्ट चालूच असे आणि ती आता माझ्या घरात चालू असे.

मी शाळेत मराठी शिकवलं. कविता कशी वाचावी, निबंध कसा लिहावा, हे मुलींना पुष्कळ सांगितलं. पण थांबून कसं वाचावं, हे मी स्वतः शिकले ते आत्यांच्या उशाशी बसून.

आत्यांची भुतं घराबाहेरची होती. रात्री त्या त्यांचं नाव घेत नसत, नुसतं 'बाहेरचं' म्हणत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा शिवारात, वेताळ गावाच्या वेशीबाहेर. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, मानही ठरलेला. आमचा तालुका सीमेवरचा. मराठीच्या शेजारी कन्नड नांदते आणि कन्नडमध्ये भुताला देव्व म्हणतात. देव आणि देव्व, मध्ये एका जोडाक्षराचं अंतर. हे सगळं बाहेरचं. उंबरा ओलांडून आत आलं, पायांवर पाणी घेतलं, देवळीत दिवा दिसला, की माणूस सुटला.

गॉथिक कथेनं नेमका हा उंबरा पुसला. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ साली आली, तेव्हापासून भय किल्ल्यात, मठात, वाड्यात आणि तळघरात राहायला लागलं. एडगर ॲलन पोनं १८३९च्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'मध्ये तर घर आणि घराणं एकाच नावात बांधून दोन्ही एकदमच कोसळवली. मराठीतही कादंबरीच्या पहिल्या पावलांत अद्भुताची ओढ होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. पण दार-खिडक्यांच्या आतलं, नात्यागोत्यातलं, तुमच्याआमच्या बोलीतलं भय मराठी वाचकाच्या अंथरुणापर्यंत आणलं ते नारायण धारपांनी. त्यांचा निवेदक बहुधा साधा, नोकरीधंद्यातला माणूस असतो. तो आरडाओरडा करत नाही. नव्या घराचं भाडं किती, सामान कसं लावलं, शेजारी कोण, हे तो इतक्या सावकाश सांगतो की आपण त्याच्याबरोबर त्या घरात राहायला जातो. कुलूप लावायची वेळ येते तेव्हा आपण आत असतो.

धारपांची एक गोष्ट पहिल्यांदा वाचून दाखवली, तेव्हा आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घरातलंच हाय म्हणतीस? मग पळून जायचं कुटं?"

गॉथिक कथेवर मी पुढे बरंच वाचलं. त्या एका प्रश्नापलीकडे फारसं कुणी गेलेलं मला दिसलं नाही.

ॲन रॅडक्लिफ ही अठराव्या शतकाच्या अखेरची गॉथिक कादंबरीकार. तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापल्या गेलेल्या एका लेखात तिनं भयाचे दोन प्रकार वेगळे केले. एक भय मनाला विस्तारतं, सगळ्या जाणिवा जाग्या करतं. दुसरं मनाला आकसून टाकतं, गोठवतं. मला आपल्या भाषेतले दोन शब्द इथे चपखल वाटतात, धास्ती आणि दचका. दचका पानावर असतो आणि पान उलटलं की संपतो. धास्ती वाचणाऱ्यात असते, आणि ती मुरायला वेळ लागतो. लोणच्याची बरणी रोज उघडून बघितली तर लोणचं नासतं, तसंच हे. संथ गूढकथा वाचायची तर आधी दचक्याची भूक मारावी लागते.

ती कशी मारायची? माझे काही नियम आहेत, अनुभवानं सुचलेले. मोठ्यानं वाचताना आवाज बदलत नाही. भुताच्या वाक्याला खर्ज लावला की ऐकणारा गोष्ट सोडून माझ्याकडे बघायला लागतो. उलट जिथे भीतीचं वाक्य येतं, तिथे आवाज रोजच्याहून सपाट ठेवते, वाणसामानाची यादी वाचावी तसा. स्वल्पविराम पाळते. लेखकानं पात्राच्या नजरेआड काय ठेवलंय, त्याकडे लक्ष देते. सोप्यात चार माणसं बसलीत आणि तिघांचंच बोलणं दिलंय, तर चौथ्याला मी विसरत नाही. आणि एका बैठकीत पुस्तक संपवत नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नाताळच्या सुमारास आपल्या मित्रांना भुताच्या गोष्टी वाचून दाखवत. एक सोडून बाकी सगळ्या मेणबत्त्या विझवल्या जात. त्या विद्वान माणसाची मेणबत्ती आणि आमच्या आत्यांचा कंदील यांचं कसब मला एकच वाटतं. वाचता येईल एवढाच उजेड, त्याहून जास्त नको.

थांबण्याचा सगळ्यात कठीण धडा मला एका फाटक्या पुस्तकानं दिला. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एका वाचनालयातून रहस्यकथेची कादंबरी आणली होती. जाड, जुनी, कोपरे मऊ झालेली. पाच रात्री वाचली. सहाव्या रात्री शेवटाकडे आले तर शेवटची सोळा पानं नव्हती. शिवण सुटून अख्खा फर्मा कधीतरी गळून पडला होता. मी हैराण झाले. आत्यांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मग तुला काय वाटतं? कुणी केलं?"

पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघी त्या खुनाचा तपास करत होतो. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, देवळात जाताना. रोज नवा संशयित. आत्यांना वकिलाचा संशय, मला धाकट्या भावाचा. नऊ वर्षांनी कोल्हापूरला जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीच कादंबरी अखंड सापडली. बसस्टँडवर बसून शेवट वाचला. दोघीही चुकलो होतो. शेवट आमच्या कल्पनांपेक्षा लहान होता, एका गड्याचा जुना राग, बस्स. मन खट्टू झालं. पण गाडीला उशीर होता म्हणून पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि विसाव्या पानाच्या आसपास तो गडी भेटला. दिव्यात तेल घालत होता. मालकानं त्याला काहीतरी विचारलं होतं आणि त्यानं उत्तर दिलं नव्हतं. ते न दिलेलं उत्तर लेखकानं आमच्यासमोर ठेवलं होतं, आणि आम्ही दोघी त्याच्यावरून चालत पुढे गेलो होतो. संध्याकाळी घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गड्याकडं कोण बघतंय? म्हणूनच त्येनं केलं."

त्या दिवसापासून रहस्यकथा मी दोनदा वाचते. पहिल्यांदा कोण, हे कळण्यासाठी. दुसऱ्यांदा आपण कुणाकडे पाहिलं नाही, हे कळण्यासाठी. विल्की कॉलिन्सच्या कादंबऱ्या अशा दुसऱ्या वाचनात उमलतात. त्यानं कायद्याचं शिक्षण घेतलं होतं, वकिली मात्र केली नाही. 'द वूमन इन व्हाइट' १८५९-६० साली साप्ताहिकातून क्रमशः आली, तेव्हा त्यानं गोष्ट कोर्टातल्या साक्षीसारखी एकेका माणसाच्या तोंडून सांगितली. १८६८च्या 'द मूनस्टोन'मध्येही तेच. नोकर सांगतो, नात्यातली बाई सांगते, वकील सांगतो. प्रत्येक जण खरं बोलतो आणि प्रत्येकाला थोडंच दिसलेलं असतं. त्या कादंबरीतला हिरा १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडला गेलेला. इंग्रज वाचकाला तो हिरा म्हणजे बाहेरून घरात शिरलेलं संकट. आमच्यासारखीला तो वाचताना वाटतं, घरातून बाहेर नेलेलं काहीतरी परतीची वाट शोधतंय. शेवट सांगत नाही. आत्यांनी मला तेवढं शिकवलंय.

रत्नाकर मतकरींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या हातानं मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण रंगवली, त्याच हातानं त्यांनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या. त्या कथांत भूत असेलच असं नाही. माणसाची हाव असते, एकटेपण असतं, एखाद्या लहान मुलाची फार खोल गेलेली इच्छा असते. भूत हे कधीकधी माणसानं न बोललेल्या वाक्याचंच नाव असतं. आमच्या आसमंतातले जी. ए. कुलकर्णी, बेळगावात वाढलेले, धारवाडला इंग्रजी शिकवणारे, हे भुताच्या गोष्टी लिहिणारे नव्हते. पण १९७२च्या 'काजळमाया'तल्या कथा वाचताना मला तीच धास्ती वाटते. पुढे काय वाढून ठेवलंय याची चाहूल लागते, आणि पाऊल मात्र थांबत नाही.

आणि या सगळ्यांच्या आधीची आपली 'वेताळ पंचविशी'. ती सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'तही आहे. राजानं झाडावरून प्रेत खांद्यावर घ्यायचं आणि तोंड न उघडता चालायचं. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. राजाला उत्तर येतं, तो बोलतो आणि वेताळ पुन्हा झाडावर. असं किती वेळा तरी होतं. लहानपणी मला वाटायचं, राजा हुशार म्हणून ही गोष्ट. आता वाटतं, त्याच्या प्रत्येक बरोबर उत्तरानं तो पुन्हा त्या झाडापाशीच पोचत होता. शेवटचं कोडं त्याला सुटत नाही. तो गप्प राहतो, ओझं घेऊन चालत राहतो, आणि म्हणून वेताळ त्याच्यावर प्रसन्न होऊन पुढच्या घातापासून त्याला सावध करतो. राजाला वाचवलं ते न सुटलेल्या कोड्यानं, आणि त्या कोड्यासह चालत राहण्याच्या धीरानं.

धीर या शब्दाशी मी फार वर्षं घोटाळते आहे. 'जरा धीर धर' म्हणजे थांब, घाई नको. 'मला धीर होत नाही' म्हणजे मी भिते. आपल्या भाषेनं सबुरीला आणि हिमतीला एकच शब्द दिला. गूढकथा वाचताना हे मला अंगानं कळलं. अंधारात थांबता आलं की भीती निम्मी होते, आणि भीती सोसता आली तरच थांबता येतं. जो घाईनं शेवटचं पान उघडतो तो उतावळा असतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, तो बहुधा घाबरलेला असतो.

गडहिंग्लजहून दहा-बारा किलोमीटरवर सामानगड आहे. १८४४चं गडकऱ्यांचं बंड जिथे उठलं तो हा गड. तिथे सात कमानींची विहीर आहे. शाळेच्या सहलीला मुलींना मी तिथे नेत असे. पायऱ्या उतरताना दर कमानीला उजेड थोडा कमी होतो, हवा थोडी गार होते, वरच्यांचं बोलणं थोडं लांबून येतं. एका कमानीतून दुसरीत जाताना काही घडत नाही. पण खाली पोचून मागे वळून पाहिलं की वरचं आभाळ भलतंच छोटं झालेलं असतं. मुली बोलायच्या थांबत. संथ कादंबरी कशी असते, हे मला वर्गात कधी नीट सांगता आलं नाही. तिथे सांगावं लागलं नाही.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. पावसाळ्यात वीज गेली की शेजारच्या गल्लीतली एक सातवीतली मुलगी माझ्याकडे येते. "आज्जी, वाचूया?" कंदील आता शोभेचा झालाय, म्हणून बॅटरीवरचा दिवा उशीआड ठेवून आम्ही त्याचा उजेड बारीक करतो. मी वाचते. दाराशी येऊन थांबते.

"आज्जी, पुढं काय हुतंय?"

"उद्या."

ती कुरकुरते, मग चप्पल शोधते. गल्ली अंधारी, तिचं घर कोपऱ्यावर. परवा उंबऱ्याशी अडखळून म्हणाली, "मी पोचूपर्यंत तुमी दारात उभ्या ऱ्हावा."

मी उभी राहिले. पावसाची झड तोंडावर येत होती. ती पळाली नाही, एकेक पाऊल मोजत गेली. दिसेनाशी झाली तरी पाण्यातून चपलांचा आवाज येत होता. मग तोही थांबला, आणि कोपऱ्यावरून हाक आली, "पोचले!"

मी आत आले आणि दाराला कडी घातली.