मोतीच्या पोटावरचे लाल ठिपके

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्यांच्या आजारावर सल्ला देणं हे माझं काम नाही. पण गेल्या जूनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहितोय.

मोती आमचा देशी कुत्रा, आठ वर्षांचा. एके संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, मोतीच्या पोटावर लाल पुरळ आलंय." मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "उष्णतेचं असेल." दोन दिवस तो नीट जेवत नव्हता, तेही मी उकाड्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी तो जिना चढेना, तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी एका ठिपक्यावर बोट दाबलं. साध्या लालीचा रंग दाबल्यावर क्षणभर जातो. हा गेला नाही. म्हणजे ते पुरळ नव्हतं, त्वचेखाली झालेला बारीक रक्तस्राव होता. मी खजील झालो. पुण्यात दर पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटचे ठिपके मी असेच दाबून बघतो. घरच्या कुत्र्याचे मात्र बघितले नाहीत.

प्लेटलेट्स निघाल्या २२ हजार. कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. निदान झालं गोचीड तापाचं. गोचीड चावताना जंतू रक्तात सोडते. काही जंतूंमुळे प्लेटलेट्स घटतात, काही तांबड्या पेशी फोडतात. मोतीला २८ दिवस डॉक्सीसायक्लिन दिलं. तो वाचला.

त्यानंतर मी रंगांकडे नीट बघायला शिकलो.

काळा: काख, जांघ, पोटाची कातडी हळूहळू काळी आणि जाड होत असेल, तर बहुधा जुनी खाज, ॲलर्जी, यीस्टचा संसर्ग किंवा थायरॉइडची कमतरता यांपैकी काही असतं. धावपळ नको, पण त्या आठवड्यात दाखवा. मूळ कारणावर उपचार झाले की काळेपणा सावकाश कमी होतो. जन्मापासूनचे काळे डाग मात्र निरुपद्रवी असतात.

पिवळा: डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी म्हणजे कावीळ. कारण यकृतात असेल किंवा तांबड्या पेशी फुटत असतील.

पांढरट हिरड्या म्हणजे रक्त कमी किंवा रक्ताभिसरण मंद; निळसर म्हणजे प्राणवायू कमी. पिवळा, पांढरट, निळा आणि न जाणारे लाल ठिपके, यांत सकाळची वाट बघू नका. आणि घरातली ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.

आता दर रविवारी खिडकीच्या उजेडात लेक मोतीला उताणा झोपवते. पोट, कान, डोळे बघते. हिरडी दाबून सोडते. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी आतून बघावी. शेवटी बोटांच्या बेचक्यात आणि कानांत गोचीड शोधते. भिंतीच्या फटी मी तपासतो, कारण गोचिडी तिथेही राहतात.

निरोगी असतानाचा रंग ओळखीचा असला, तरच बदललेला रंग लगेच डोळ्यांत भरतो. लेकीच्या डोळ्यांत तो भरला होता. मी तिचं ऐकायला हवं होतं.