पिवळ्या पताकांचं बँकॉक

थाई स्वयंपाकात खारटपणा बहुधा मिठातून येत नाही, तो 'नाम प्ला'तून येतो. नाम प्ला म्हणजे मासळी मिठात मुरवून काढलेलं तांबूस पाणी. "मांस नको, मासे नकोत" असं सांगितलं की विक्रेता मनापासून मान डोलावतो आणि भाजीवर नाम प्ला शिंपडतो. त्याच्या लेखी ते मीठच. हिरव्या आणि लाल करीच्या वाटणात तर 'कपी', म्हणजे आंबवलेला जवळा, आधीच वाटलेला असतो. वरून वांगी-फरसबी घातली तरी ती करी आपल्या शाकाहारी माणसांना चालत नाही. बहुधा याच धास्तीने आपल्याकडच्या सहली माणसांना दोन्ही वेळा भारतीय हॉटेलात नेऊन बसवतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या शहराचा जीव रस्त्यावरच्या शेगड्यांवर आहे, तिथे जाऊन रोज जिराराईस आणि पनीर खायचं, तर ते शहर पाहिलं असं कसं म्हणायचं?

मी आणि लेक मुद्दाम याओवारात या तिथल्या चिनी वस्तीत उतरलो. वात मंगकोन मेट्रो स्टेशनातून वर आलं की डोळे पिवळ्या रंगाकडे लावायचे. पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षरं, इंग्रजी आकड्यांत सतरा लिहिल्यासारखी. हे 'जे'. थाई-चिनी माणसं चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस जे पाळतात. त्या दिवसांत मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, सगळा रस्ता पिवळा होतो. काही दुकानं मात्र वर्षभर जेच शिजवतात, आणि ती शोधण्यात आमच्या सकाळी फार आनंदात गेल्या.

अशाच एका गल्लीतल्या दुकानात काचेआड पराती मांडलेल्या होत्या. पहिल्याच परातीत भाजलेल्या बदकाचे काप. कातडीच्या सुरकुत्यांसकट. माझं पाऊल अडलं. मालकीणबाई साठीच्या पुढच्या असाव्यात. भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण चेहरा त्यांनी बरोबर वाचला. चिमट्याने एक काप उचलून त्यांनी तो कात्रीने मधोमध कापला आणि आतले पदर माझ्यापुढे धरले. कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिलं की शेवटी जो चिवट भाग उरतो, त्याचे ते पदर होते. वरची कातडी सोयाबीनच्या दुधाच्या सायीची. मग त्यांनी भातावर ते काप, बाजूला कोबी, मशरूम आणि टोफू वाढला. लेक म्हणाली, "आई, नुसता भात खा आणि मग सांग." खरंच, त्या भाताला स्वतःचा सुवास होता.

दारातल्या गाडीवर कच्च्या पपईचं सोम ताम मिळालं. मातीच्या खोल खलात लाकडी बत्त्याने मिरच्या, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, ताडगूळ आणि लिंबू हलक्या हाताने ठेचायचं, पपईचा कीस घालायचा, वर भाजलेले दाणे. एरवी यात सुका झिंगा आणि नाम प्ला पडतं. इथे सोयासॉस होता, आणि मुख्य म्हणजे खल वेगळा होता. जिथे एकच खल असेल तिथे तो डोळ्यांदेखत धुऊन घ्यावा. "माय साय नाम प्ला", नाम प्ला घालू नका, एवढं वाक्य तरी पाठ हवं.

आणि खनोम क्रोक! आपल्या आप्पेपात्रासारखं बिडाचं पात्र, त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. खालून कुरकुरीत, आतून ओलसर, थोडं गोड, थोडं खारट.

खरेदीसाठी जवळच सांपेंग गल्ली आहे. एवढी अरुंद की हातगाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मणी, फिती, क्लिपा, पिशव्या, सगळा घाऊक माल. डझनाचा भाव विचारला की बाई कॅल्क्युलेटर पुढे करतात, आपण आपला आकडा टाकायचा. गल्ली संपली की फाहुरात, कापडबाजार. राजा चुलालोंगकोर्न यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलीचं नाव या रस्त्याला दिलेलं आहे. इथे शीख व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात लंगर असतो.

मला सगळ्यात आवडला तो पाक ख्लोंग तलात, फुलांचा बाजार. तिथे रात्र चढते तशी गर्दी वाढते. झेंडूच्या पोत्यांमागे बसलेली एक मुलगी कमळाच्या कळीची एकेक पाकळी आत दुमडत होती. हिरवट कळी तिच्या बोटांत बघता बघता गुलाबी फूल व्हायची. तिची नजर समोरच्या फोनवर होती, बोटं चुकत नव्हती.

शनिवार-रविवारचा चातुचाक बाजार प्रचंड आहे, पण एक भाग निवडून तेवढाच पाहावा. आम्हाला त्याच्या शेजारचं ओर तोर कोर मार्केट अधिक भावलं. ताडगूळ आणि गोड चिंचा तिथूनच घेतल्या.

शेवटच्या रात्री हॉटेलच्या लिफ्टमध्ये साताऱ्याच्या एक काकू भेटल्या. मोठ्या ग्रुपबरोबर आल्या होत्या आणि जेवणाला पार कंटाळल्या होत्या. मी त्यांना कागदावर 'जे'ची ती अक्षरं काढून दिली, काय काय वर्ज्य असतं तेही सांगितलं.

"कांदा-लसूणसुद्धा नाही?" त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला. "अगं, मग आमच्या सासूबाईंना चातुर्मासातसुद्धा आणता येईल की इथे!"