टाकीलाही हवा लागते

मंडळी, या वीकेंडचा विषय थोडा पेट्रोलचा वास मारणारा आहे. ज्यांच्याकडे नवी, सेन्सरवाली गाडी आहे त्यांनी चहा पीत पीत वाचलं तरी चालेल. पण ज्यांच्या काकांच्या किंवा आजोबांच्या अंगणात अजून एखादी कार्ब्युरेटरवाली म्हातारी उभी आहे, त्यांनी जरा नीट वाचा. अशा गाड्यांवर होणारा बराचसा खर्च भलत्याच जागी होतो, असं माझं आता ठाम मत झालंय.

आमची म्हातारी म्हणजे मामाची १९९६ची मारुती ८००. वयाने माझ्याहून मोठी. मुक्काम म्हसावद. (जळगावजवळचं रेल्वे स्टेशनवालं म्हसावद वेगळं. हे नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं, तोरणमाळला जाताना लागतं ते.) मामीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दर महिन्याला शहाद्याला न्यावं लागतं आणि त्यासाठी घरात हीच एक गाडी आहे. तर या गाडीने उन्हाळ्यात नवीनच खेळ सुरू केला. घरून निघाली की छान पळायची. दहा-बारा किलोमीटरनंतर आचके द्यायची आणि बंद! अर्धा तास रस्त्याच्या कडेला थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. मे महिन्यातलं ऊन, आजूबाजूला पपई आणि उसाची शेतं, डोळ्यावर काळा चष्मा लावून आत बसलेली मामी. हे दोनदा झालं. मग घरात चर्चा सुरू झाली की बास, आता भंगारवाल्याला देऊन टाका.

त्याआधी एका गॅरेजवाल्याने पेट्रोल पंप बदलून झाला होता, कार्ब्युरेटर साफ करून झाला होता, फिल्टर तर दोनदा बदलला. फरक शून्य. आणि गंमत म्हणजे गॅरेजमध्ये गाडी कधीच बंद पडायची नाही. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. रीस्टार्ट केलं की चालतं, म्हणजे बग गेला नाही, फक्त लपला!

गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी मात्र बॉनेटला हातही लावला नाही. त्यांचा मुख्य धंदा ट्रॅक्टर आणि फवारणी पंपांचा. "काय व्हयनं?" एवढं विचारलं, सगळं ऐकून घेतलं, मामाला गाडी पळवून आणायला सांगितली, आणि बंद पडल्याबरोबर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. सुऽऽस करून हवा आत गेली. झाकण लावून स्टार्टर मारला, तर काही क्षणांत गाडी सुरू!

मामी ओट्यावरून म्हणाली, "म्हणजे तेलाच्या डब्यासारखंच की. एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचा सारांश तिने एका वाक्यात सांगून टाकला. पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना आपण समोरासमोर दोन भोकं पाडतो. एक तेलाचं, एक हवेचं. पेट्रोलच्या टाकीचंही तेच. पंप पेट्रोल ओढतो, तेवढी जागा भरायला बाहेरून हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात वाढत जातो आणि एका टप्प्यावर पंपाची ओढ कमी पडते. इंजिन उपाशी मरतं. अर्धा तास थांबलं की कुठल्या तरी फटीतून हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालते. म्हणूनच गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर पुरावा नष्ट!

हा निर्वात किरकोळ वाटतो, पण एक साधा हिशेब करा. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. टाकीतला दाब त्याच्या फक्त विसाव्या भागाने कमी झाला, तरी ५० बाय ५० सेंटिमीटरच्या पत्र्यावर बाहेरून सुमारे १२५ किलोचा भार पडतो. जुन्या, गंजलेल्या टाक्या आत चेपतात त्या उगाच नाही.

आमच्या गाडीत दोन वाटा एकदमच बंद झाल्या होत्या. मूळ झाकण हरवल्यावर बाजारातून आणलेलं झाकण पूर्ण हवाबंद निघालं. आणि टाकीच्या श्वासनळीच्या तोंडात, गाडी लिंबाखाली दोन महिने उभी असताना, कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं! मिस्तरींनी तारेने नळी मोकळी केली आणि योग्य झाकण बसवलं. खर्च झाला तो एका झाकणाचा.

आता उलटा प्रकार. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. २५ लिटर पेट्रोल २५ अंशांनी तापलं तर अर्धा लिटरहून जास्त जागा मागतं, आणि वाफेचा दाब वाढतो तो वेगळाच. त्यात म्हसावदहून तोरणमाळ चढलात, तर सुमारे ११५० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब खालच्यापेक्षा जवळजवळ एक दशांशाने कमी. बंद टाकी मग आतून दाब देते. वर पोचल्या पोचल्या झटकन झाकण उघडाल तर तोंडावर पेट्रोलचा फवारा येऊ शकतो, आणि शेजारी कुणी बिडी ओढत असेल तर पुढचं सांगायला नको. इंजिन बंद, गाडी थोडी थंड, झाकणावर फडकं आणि सावकाश फिरवणं, एवढं पाळाच.

'मग झाकण ढिलंच ठेवू की!' असं म्हणणारे आमच्याकडेही निघाले. नको! वळणावर पेट्रोल सांडतं, गाडी उलटली तर वाहतंच, आणि वाफा जातात त्या हवेत. याच वाफांसाठी कॅलिफोर्नियाने १९७०च्या मॉडेलपासून नियम आणले. मग गाड्यांत कोळशाचा डबा आला. टाकीतली वाफ सक्रिय कोळशात अडकते आणि इंजिन चालू असताना ओढून जाळली जाते. आपल्याकडेही २०००पासून पेट्रोल गाड्यांना चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सोडायची परवानगी नाही. नोझल आपोआप बंद झाल्यावरही 'अजून थोडं टाक, राउंड फिगर कर' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वरचं पेट्रोल त्या डब्यात शिरलं की कोळसा भिजतो आणि डबा कामातून जातो.

एक गल्लत मात्र टाळा. पंपात किंवा नळीत पेट्रोल उकळून वाफ अडकते, त्याला व्हेपर लॉक म्हणतात. लक्षण तेच, गाडी उन्हात बंद. जुन्या फियाट, अँबॅसिडरचे ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठी. फरक ओळखायचा कसा? झाकण उघडून लगेच सुरू झाली तर वाट बंद. झाकण उघडूनही ढिम्म, पण पंप गार केल्यावर सुरू झाली तर व्हेपर लॉक.

आणि हो, १९९६च्या गाडीच्या रबरी नळ्या आजच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. फुगलेली, चिरलेली किंवा मऊ पडून चिकटलेली नळी दिसली की बदला. श्वासनळीसुद्धा, कारण तिच्याकडे कुणीच बघत नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, मारुती ८००चं उत्पादन २०१४मध्ये थांबलं. या गाड्या ओळखणारे मिस्तरीही कमी होत चाललेत. आपण नवं काही शिकलो की कोर्सचं सर्टिफिकेट लावतो. हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दुकानाला धड पाटीसुद्धा नाही. म्हणून निदान लिहून ठेवावं म्हटलं.

असो. उद्या रविवार आहे. पंप बदलायचा खर्च करण्याआधी घरच्या म्हातारीला दहा किलोमीटर पळवा, थांबा, आणि झाकण सावकाश उघडताना कान देऊन ऐका.