विंडो सीट, घरातली!

‘मला माझी स्पेस हवी’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की स्पेस म्हणजे चौरस फूटसुद्धा असतात हे विसरूनच जातो. मुंबईत तर ते आधी चौरस फूटच असतात! वन बीएचकेमध्ये आई-बाबा, धाकटा भाऊ, दोन लॅपटॉप आणि एक वॉशिंग मशीन नांदत असताना मासिकातला तो ‘मेडिटेशन कॉर्नर’ बघून हसू येतं. पांढरी भिंत, लाकडी बुद्ध, पितळी उरळीत तरंगणारी फुलं. बुद्ध मिळेल हो कुठेही, पण रिकामी भिंत कुठून आणायची?

म्हणून ठरवलं, दुकानं पालथी घालण्याआधी जरा शहरातच फिरून बघू. इथे चार-चार पिढ्या दाटीवाटीनं राहिल्या. त्या निवांत बसायच्या तरी कुठे?

सुरुवात गिरगावातून. खोताच्या वाडीत शिरलं की दोन मिनिटांत रहदारीचा आवाज मागे पडतो. लाकडी कठड्यांचे व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, रंगवलेल्या खिडक्या. आता ही घरं मोजकीच उरलीत आणि आजूबाजूचे टॉवर त्यांच्याकडे वाकून बघतात. पण व्हरांड्यातली खुर्ची मात्र अजून गल्लीकडे तोंड करूनच असते. गोव्यातल्या जुन्या घरांचं बाल्कांव आठवा. दारापुढे समोरासमोर दोन बाकं आणि पुढ्यात रस्ता. घरात बसल्यासारखंही आणि बाहेर आल्यासारखंही.

गल्लीतून बाहेर पडलं की चाळी. चाळीची गॅलरी म्हणजे सार्वजनिक मामला, तिथे कसली आलीये प्रायव्हसी, असं वाटेल. पण जरा थांबून बघा. कठड्याला टेकून पेपर वाचणाऱ्या आजोबांना मागून जाणारं कोणी हटकत नाही. माझ्याकडे बघून तेवढं म्हणाले, ‘‘बस की गं, उभी का?’’ आणि पुन्हा पेपरात! हीच ती स्पेस. भिंतीनं नव्हे, रिवाजानं आखलेली. रात्री साडेदहानंतर ही गॅलरी अभ्यासाची आणि झोपायची, पहाटे नळाला पाणी येईपर्यंत कुणाचीच नाही, दुपारी वाळवणाची. जागा एकच, तिचं टाइमटेबल वेगळं.

सगळ्या चाळींना हे सुख नव्हतं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मधून जाणारा अंधारा पॅसेज. तिथल्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळतात, वरळीत पहिल्या किल्ल्या ऑगस्ट २०२५मध्ये मिळाल्या. तिप्पट जागा आणि बंद होणारं दार! आजवर बंद दार म्हणजे ‘आत काहीतरी बिनसलंय’ असा अर्थ असलेल्या घरांत आता बंद दाराचा नवा अर्थ शिकावा लागणार.

पुढचा स्टॉप दादर. १८९६च्या प्लेगनंतर सरकारला जाग आली, १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि उजेड-वारा हा नगररचनेचा विषय झाला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच ट्रस्टची देणगी. शिवाजी पार्कभोवतीच्या आर्ट डेको इमारती बघायच्या तर मान वर करून चाला. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे. (अशाच इमारतींसाठी मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाचा परिसर २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. शिवाजी पार्क त्यात नाही, पण पार्ककरांना सर्टिफिकेटची गरज कधी होती?) बाल्कनी जेमतेम दोन माणसांची. एक वेताची खुर्ची, चहाचा कप ठेवायला कठडा, समोर झाड. संपलं डेकोरेशन!

मग ही बाल्कनी गेली कुठे? बोरिवली-डोंबिवलीत मान वर केली की दिसतात त्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आणि लोखंडी बॉक्स ग्रिल्स. कारण साधं आहे, हिशेबाचं. मुंबईच्या १९९१च्या नियमावलीत मजल्याच्या क्षेत्रफळाच्या १० टक्क्यांपर्यंत बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नव्हते आणि पैसे भरून ती बंदिस्तही करता यायची. मग काय, मधली भिंत पाडली, हॉल मोठा झाला, टीव्ही सरकला. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले, बाल्कनी-फ्लॉवरबेड वगैरे मोजणीत आले आणि त्याबदल्यात घरांसाठी ३५ टक्के फंजिबल एफएसआय प्रीमियम भरून मिळू लागला. प्रत्येक फूट मोजला जाणार म्हटल्यावर बिल्डर कशाला बाल्कनी देतोय? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याला तिची किंमत कळली, तोवर तिच्या जागी सोफा-कम-बेड येऊन बसला होता. (पुणेकरांनो, ‘आमच्याकडे अॅटॅच्ड टेरेस आहे’ हे सांगायची ही वेळ नाही!)

ओके बॉस, पण आता करायचं काय? सोफा हलवायचा. खरंच. व्हरांडा असो, गॅलरी असो की बाल्कनी, निवांत बसायची आपली जागा घराच्या कडेला होती, आतल्या कोपऱ्यात नाही. म्हणून खिडकीला लागून अडीच बाय चार फूट मोकळं करा आणि खाली बसा. खाली बसलं की समोरच्या बिल्डिंगचा किचन दिसेनासा होतो, आभाळ दिसतं. फुकटातला सी-फेसिंग फ्लॅट! बॉक्स ग्रिलमध्ये मात्र बसू नका. ती कपडे आणि कुंड्यांसाठी आहे, तीही वजन जपून. आणि तिचा एक झडपेचा भाग उघडता येतो ना, ते आजच बघा. आग लागली तर तीच वाट असते.

मुंबईच्या दमट हवेत कापसाची गादी पावसाळ्यात कुबट होते, तेव्हा जून ते सप्टेंबर चटई बरी. वाळ्याचे पडदे नागपूरकरांना शोभतात. तिथली उन्हाळी हवा कोरडी, पाणी उडून जाताना गारवा देतं. इथे नुसताच ओला वास येतो. पश्चिमेचं ऊन अडवायला बांबूची चिक पुरते. जाड पडद्यांनी रस्त्याचा आवाज थांबेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पडद्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा हॉर्न फटीतून येतो आणि फट बुजवली की कमी होतो. दिवा पिवळसर घ्या, २७०० केल्विनचा. ट्यूबलाइटच्या उजेडात दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.

झाडं लावाच, पण ती हवा शुद्ध करतात म्हणून नको. १९८९च्या नासाच्या अभ्यासावरून ते खूळ पसरलं. तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं, की नुसती खिडकी उघडल्याइतका परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. बसणार कुठे मग? कमी उजेडात मनी प्लँट जगतो, तुळशीला ऊन लागतं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

सगळ्यात अवघड भाग मात्र फर्निचरचा नाही. गॅलरीतली आरामखुर्ची कुणाची असायची? आजोबांची, बाबांची. बायका दुपारी तीनला उंबऱ्यात टेकायच्या, तेही मांडीवर निवडायचे तांदूळ घेऊन. रिकाम्या हातानं बसलेल्या बाईला हमखास विचारलं जायचं, ‘‘अगं, बरं नाहीये का?’’ आजच्या टू बीएचकेत ‘माय कॉर्नर’ म्हणून जो सजतो, तो आपला असतो, कमावत्या मुलाचा किंवा मुलीचा. आईचा कॉर्नर अजून ओट्यापाशीच. तिला विचारलं तर ती ‘‘मला काय करायचंय जागा?’’ म्हणणार. विचारू नका, वेळ ठरवा. साडेतीन ते साडेचार खिडकी तिची, चहा दुसऱ्या कुणीतरी करायचा. त्या तासात तिथे लॅपटॉप नाही, इस्त्रीचे कपडे नाहीत, ‘‘आई, माझा चार्जर कुठेय?’’ नाही.

पहिले चार दिवस ती उठून कुकर लावेल. पाचव्या दिवशी मटार सोलायला घेऊन बसेल. मटारची परात हळूच उचलून आत न्यायची आणि सोलायला आपण बसायचं.