फ्रीझरमधले स्वेटर



मटारची पिशवी काढायला लेकीचा फ्रीझर उघडला, तर हाताला लागला स्वेटर. एक नाही, चार. प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केलेला. मला वाटलं, घाईत चुकून गेले असतील. तशी ती त्या दिवसांत विसरभोळी झाली होती.

थोडं मागून सांगते. गेल्या वर्षी मी तीन महिने लेकीकडे न्यू जर्सीला होते. तिची नोकरी गेली होती. जावयांचा पगार घराच्या हप्त्यात आणि विम्यात संपायचा. इंटरव्ह्यू देता देता तिने एक उद्योग सुरू केला. थ्रिफ्ट स्टोअरमधून जुने कपडे घ्यायचे, धुऊन-इस्त्री करून फोटो काढायचे आणि ऑनलाइन विकायचे.

लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकणारी ही दुकानं. त्यांतली गुडविल ही संस्था तर 1902 साली बोस्टनला सुरू झाली. विक्रीच्या पैशातून ती लोकांना कामाचं शिक्षण देते. तरी पहिल्या दिवशी मला संकोचच वाटला, कोण कुठल्या माणसाच्या अंगावरचे कपडे! मग लेकीला रॅकपुढे उभी पाहिली आणि सांगलीची आमची भांडेवाली आठवली. साडी उन्हाकडे धरून विरलेली जागा शोधायची, शर्टाची कॉलर उलटून बघायची, आणि एवढं करून एका पातेल्यावर तीन साड्या मागायची. लेकीची नजर तशीच झाली होती. काखेतला डाग, चेन, आतली शिवण, लेबलवर कापूस किती आणि पॉलिस्टर किती. मग फोनवर तोच कपडा शोधायचा. त्यातही लोक मागतात ती किंमत बघायची नाही, खरोखर विकला गेला ती बघायची. मागायला काय, कोणीही शंभर मागेल.

पहिल्या महिन्यात तिने 41 कपडे घेतले, 287 डॉलरचे. त्यांतले 16 विकले गेले, 430 डॉलरला. ती खूश. मी म्हटलं, वही आण. (बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण हात शिवशिवतातच.) ती विकते त्या पोशमार्कवर 15 डॉलरच्या वरच्या विक्रीतून 20 टक्के कापतात. ते 86 गेले, राहिले 344. पेट्रोल, टेप, कागद यांचे 38. खरेदी वजा केली तर हातात रोख 19 डॉलर!

तिचा चेहरा उतरला. मग मी तिला शिल्लक मालाचा हिशोब समजावला. घरातले 25 कपडे, 175 डॉलरचे, हे अजून खर्चात धरायचे नाहीत. पण पडून राहिले तर त्यांची किंमत उतरवून लिहायची, मनाची समजूत घालायची नाही. तसा नफा 194 निघाला. वेळ मोजला तर साधारण 60 तास. म्हणजे तासाला सव्वातीन डॉलर, आणि तिथली किमान मजुरीच 15 च्या वर.

मग आम्ही कपड्याच्या जातीप्रमाणे खाती पाडली. चामडं, फर आणि रेशीम तिने आधीपासूनच वर्ज्य केलं होतं, मला सांगावं लागलं नाही. जीन्स, सुती शर्ट, लिनन यांच्या 11 नगांवर मिळून 96 सुटले होते. आणि लोकरीच्या फक्त 5 स्वेटरवर 136. लोकर कापताना मेंढी मरत नाही, असा विचार करून मीच म्हटलं, "स्वेटर वाढव."

तर ते स्वेटर. संध्याकाळी तिला विचारलं. ती सहज म्हणाली, "अगं आई, जुन्या लोकरीला कसर लागलेली असते. चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अळ्या-अंडी मरतात. सगळे असंच करतात."

मी काहीच बोलले नाही. सामायिकाला बसले, पण मन लागेना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विषय तिनेच काढला. म्हणाली, "ही उद्योगी हिंसा झाली ना? पाठशाळेत तूच शिकवलंस, गृहस्थाला शेती-व्यापारात ती सर्वस्वी टळत नाही म्हणून." चार प्रकार मीच तिच्याकडून पाठ करून घेतले होते: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मी म्हटलं, "धुताना नकळत एखादा जीव गेला तर ती उद्योगी. आपण तर मारण्यासाठीच पिशवीत बांधून ठेवतोय." ती म्हणाली, "मी नाही घेतला तर दुसरी कोणी घेईल आणि हेच करेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. शेवटी तिने आवाज न चढवता विचारलं, "आणि ते 136 कुठून आणू?"

बोलून मोकळं व्हायला मला तर सोपं होतं, हप्ता तिला भरायचा होता. आणि स्वेटर वाढवायला सांगणारी मीच. खात्यात सगळं लिहिलं, पेट्रोलसुद्धा लिहिलं, पण लोकरीचा माल विकायला तयार कसा होतो हे एकदाही विचारलं नाही.

ते चार स्वेटर तिने विकले. फोटोत एकाच्या बाहीवरचं बारीक भोक स्वच्छ दाखवलं, तेवढं किंमतीत कमी आलं. डाग-भोकं लपवायची नाहीत हा नियम तिने कधीच मोडला नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे. पुढच्या खेपेला दुकानात ती स्वेटरच्या रॅकपाशी थांबली. एक राखाडी उचलला, लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि परत अडकवून लिननच्या शर्टांकडे गेली. मीही वळून उन्हाळी फ्रॉक चाळू लागले. थंडी तोंडावर आलेली, त्यामुळे तेही स्वस्त होते. मी म्हटलं, घेऊन ठेव, मार्चमध्ये जातील.

आता मी सांगलीला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वहीचा फोटो पाठवते आणि मी बेरीज तपासते. या वेळी 22 नग विकले गेले, नफा 118. लोकरीच्या ओळीत आडवी रेघ आहे. इंटरव्ह्यू चालूच आहेत. पुढचा गुरुवारी आहे म्हणाली.